आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर वारंवार शौचास लागते?

छावणीतला गुरुवारचा बाजार करायचा म्हटले की तास-दीड तास सहज जातो. पण आतड्याची शस्त्रक्रिया होऊन दोन-तीन महिने झालेल्या माणसाला त्या तासाचीच धास्ती वाटते. वाटेत घाई झाली तर जायचे कुठे? मग बाजार सुटतो, लग्नकार्ये टळतात. बाहेर जायचे असले की काही जण आदल्या रात्रीपासून जेवतच नाहीत. शस्त्रक्रिया फसली, असे समजून ते मनातल्या मनात कुढतात. ही समजूत चुकीची आहे.

असे का होते?

मोठ्या आतड्याच्या शेवटी सुमारे १२ ते १५ सें.मी. लांबीचा गुदाशय असतो. हा जणू मळाचा हौद. तो ताणतो, मळ साठवतो आणि वेळ झाली की सूचना देतो. गुदाशयाच्या कर्करोगात हा हौद बराचसा किंवा पूर्ण काढून वरचे आतडे खाली जोडतात. ते अरुंद असते आणि फारसे ताणत नाही. हौद लहान झाला की लवकर भरणारच! शिवाय तिथल्या नसा व स्नायू दुखावलेले असतात. किरणोपचार झाले असतील तर त्रास वाढतो. म्हणून दिवसातून अनेकदा जावे लागते, तासाभरात पुन्हापुन्हा थोडे-थोडे होते, घाई आवरत नाही, कधी कपडे खराब होतात.

हा त्रास इतका सार्वत्रिक आहे की तो मोजण्यासाठी डेन्मार्कमधील शल्यचिकित्सकांनी २०१२ साली पाच प्रश्नांची पत्रिका तयार केली. ती आज अनेक देशांत वापरतात.

बहुतेकांना सहा महिने ते वर्षभरात बराच उतार पडतो. काहींना दोन वर्षेही लागतात. पोटावरची तात्पुरती पिशवी नंतर काढली असेल, तर दिवस तेव्हापासून मोजावेत. थोडा त्रास मागे राहिला तरी तो आटोक्यात ठेवता येतो.

घरी काय करावे?

१) उपाशी राहू नका. वेळेवर, थोडे-थोडे खा. मऊ भात, केळे, दही बहुतेकांना मानवते. तिखट, तळलेले, कडक चहा-कॉफी आणि कोणाकोणाला दूध बाधते. काय खाल्ले व किती वेळा जावे लागले, हे पंधरा दिवस वहीत लिहा. तुमचे पथ्य तुम्हालाच सापडेल.

२) जेवणानंतर आतडे चाळवते. म्हणून बाहेरचे काम जेवण होऊन शौचास जाऊन आल्यावर ठेवा.

३) वारा अडवताना आवळतो तसे गुदद्वार पाच सेकंद आवळा, दहा सेकंद सैल सोडा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. घाई झाली की धावू नका. बसा, आवळून धरा, सावकाश श्वास घ्या. लाट ओसरली की जा. कुंथू नका.

४) कागदाने घासू नका. कोमट पाण्याने धुऊन, मऊ कापडाने टिपून खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा.

५) ईसबगोलाने मळ बांधून येतो, लोपेरामाइडच्या गोळीने आतड्याची गती मंदावते. पण दोन्ही डॉक्टरांना विचारूनच, त्यांनी सांगितलेल्या प्रमाणात घ्या.

रक्त पडणे, ताप, पोट फुगणे, उलट्या, वारा न सरणे, पातळ जुलाब होऊन लघवी कमी होणे किंवा वजन घटत जाणे, यांपैकी काही दिसले तर घरगुती उपाय करीत बसू नका. त्वरित डॉक्टरांना गाठा.

घाटी रुग्णालयात किंवा आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात फेरतपासणीला जाताना ती वही बरोबर न्या. ‘बरे आहे’ एवढेच सांगून परत येऊ नका. किती वेळा जावे लागते, रात्री उठावे लागते का, कपडे खराब होतात का, हे स्पष्ट सांगा. रुग्ण लाजेने बोलत नसेल, तर घरच्यांनी सांगावे. औषधाने भागले नाही, तर पाण्याने आतडे धुण्यासारखे पुढचे उपायही आहेत. पण ते सुचवायला डॉक्टरांना त्रास कळला तर पाहिजे!