धान्यातील तेलाची आनुवंशिकी : तांदळाच्या कोंड्याचा विचार

गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध येथील तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला, असे सांगतात. कोहळी समाजाने उभारलेल्या अशा तलावांच्या पाण्यावरच या मुलखातील धानशेती पोसली गेली. धान हे पिष्टमय पीक खरे. तथापि गिरणीत तांदूळ पांढरा करताना जो कोंडा निघतो, त्यात साधारणतः १५ ते २० टक्के तेल असते. मात्र दळणानंतर थोड्याच काळात ते खवट होऊ लागते. तेलाचे प्रमाण आणि त्याचा टिकाऊपणा हे दोन गुण आनुवंशिक दृष्ट्या भिन्न आहेत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

तूस काढलेल्या तांदळात तेल अवघे २ ते ३ टक्के असते आणि त्याचा बहुतांश भाग भ्रूण व ॲल्यूरोन थर यांत साठलेला असतो. भ्रूण द्विगुणित असून पुढील पिढीचा असतो. ॲल्यूरोन हा भ्रूणपोषाचा बाह्य थर असल्यामुळे त्रिगुणित असतो. त्यात मातेच्या जीनांच्या दोन मात्रा व पित्याची एक मात्रा असते. फलावरण व बीजावरण ही मात्र सर्वस्वी मातृवनस्पतीची ऊतके होत. म्हणजेच कोंड्याच्या एका नमुन्यात तीन भिन्न आनुवंशिक घटना एकत्र आलेल्या असतात. शिवाय तांदूळ जितका अधिक घासावा तितके पिष्ट कोंड्यात मिसळून तेलाची टक्केवारी उतरते. म्हणून वाणांची तुलना केवळ कोंड्यावरून न करता अखंड दाण्यावरून करणे इष्ट ठरते.

तेलाचे प्रमाण निवडीने किती बदलू शकते, याचे प्रसिद्ध उदाहरण मक्याचे आहे. अमेरिकेतील इलिनॉय येथे १८९६ साली सुरू झालेल्या प्रयोगात मूळचे सुमारे ४.७ टक्के तेल शंभर पिढ्यांच्या निवडीनंतर २० टक्क्यांच्या वर गेले. इतका दीर्घकाळ चाललेला प्रतिसाद अनेक अल्पप्रभावी जीनांचा निदर्शक होय. परंतु त्यांत काही मोठ्या प्रभावाचे जीनही असतात. २००८ साली असा एक जीन ओळखला गेला. तो तेलनिर्मितीच्या अखेरच्या टप्प्यातील एंझाइमाचा असून, त्या प्रथिनात फेनिलॲलनिनाचा एकच जादा घटक आल्याने तेल वाढते.

मक्यातील ही वाढ बव्हंशी भ्रूण मोठा व भ्रूणपोष लहान झाल्याने घडली. तांदळातील 'महाभ्रूण' उत्परिवर्तनातही हेच दिसते. ते अप्रभावी असून त्यात भ्रूण मोठा होतो, तेल वाढते, पण पिष्टाचा वाटा घटतो. ज्या शेतकऱ्याला तांदळाच्या वजनावर मोल मिळते, त्याला हा सौदा परवडणारा नाही.

टिकाऊपणाचे गणित याहून सोपे आहे. अखंड दाण्यात लायपेज हे एंझाइम व तेल निरनिराळ्या थरांत असतात; दळणात ते एकत्र येऊन मुक्त वसाम्ले निर्माण होतात. त्यांच्यावर लायपॉक्सिजनेजची क्रिया होऊन खवट वास येतो. डाऊ डाम या थाई वाणात लायपॉक्सिजनेज-३ चा अभाव असून, हा गुण एकाच अप्रभावी जीनाने ठरतो. वसाम्लांची घडणही अशीच थोड्या जीनांच्या हाती असते. २०१८ साली जपानी संशोधकांनी एकच डीसॅच्युरेज जीन निकामी करून तांदळातील ओलिक अम्ल दुपटीहून अधिक वाढविले.

उष्णा तांदूळ करताना धान वाफविले जाते व त्या उष्णतेने लायपेज निष्क्रिय होते. म्हणून त्याचा कोंडा अधिक टिकतो. अरवा तांदळाच्या कोंड्याला हे संरक्षण नाही. तेव्हा धानपट्ट्यातील पैदासकारांपुढील मार्ग उघड आहे : तेलाची टक्केवारी वाढविण्यासाठी दाण्याचे पिष्ट खर्ची घालण्यापेक्षा, असलेले तेल टिकविणारे एकेरी जीन प्रचलित वाणांत प्रतीपसंकराने आणणे अधिक सुलभ व शेतकऱ्याच्या हिताचे आहे.