आलं चरबी वितळवतं का?

सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात आल्याचा रस, लिंबू आणि मध घेतला की चरबी वितळते, असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. आलं उष्ण, म्हणून ते चरबी जाळतं, हा त्यामागचा तर्क.

२०१२ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी जास्त वजनाच्या १० पुरुषांना न्याहारीसोबत गरम पाण्यातून २ ग्रॅम सुंठ दिली. अन्न पचवायला लागणारी ऊर्जा साधारण ४३ कॅलरींनी वाढली, भूकही कमी वाटली. माणसं दहाच, त्यामुळे हा आकडा जपूनच वापरायचा. पण तो खरा धरला तरी काय होतं? एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. रोज सुंठ घेतली, आहार जराही वाढू दिला नाही, तरी किलोभर उतरायला सहा महिने लागतील. सकाळच्या त्या पेल्यातल्या मोठ्या चमचाभर मधात ६०च्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे सगळी कमाई तिथेच गेली! आलेपाकात तर साखरच जास्त.

मग आल्यात काहीच नाही, असं म्हणणंही चूक. १४ चाचण्यांमधल्या ४७३ जणांची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात वजन थोडं घटलेलं दिसलं, पण बीएमआयमध्ये (उंचीच्या मानाने वजन दाखवणाऱ्या आकड्यात) ठोस फरक नव्हता. उपाशीपोटीची साखर मात्र कमी झाली, चांगलं कोलेस्टेरॉल वाढलं आणि शरीर इन्सुलिनला अधिक दाद देऊ लागलं. आल्याचं खरं मोल मला इथे दिसतं. पोट सुटलेल्या माणसाचं रक्त तपासताना यांपैकी साखर आणि कोलेस्टेरॉल डॉक्टर पाहतात. वजनकाट्याकडेच डोळे लावून बसलं, तर हा फायदा नजरेतून सुटतो.

ताजं आलं चांगलं की सुंठ? आलं वाळताना त्यातल्या जिंजेरॉलचा काही भाग शोगाओलमध्ये बदलतो. दोन्ही द्रव्यं गुणकारी मानली जातात. ताज्या आल्यात सुमारे ८० टक्के पाणी असतं, म्हणून २ ग्रॅम सुंठेसाठी साधारण १० ग्रॅम आलं लागतं. चहात ठेचून टाकलेला तुकडा बहुतेकदा त्याहून लहान असतो.

‘घरगुती आहे, अपाय कसला?’ हा समज सर्वांत घातक. जास्त आल्याने छातीत जळजळ होते. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर सुंठेच्या कॅप्सूल सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. आणि सुंठ चालू आहे म्हणून मेटफॉर्मिनसारखं मधुमेहाचं औषध स्वतःहून बंद करू नका.