राजाच्या रुपयात चांदी किती? आधी साल बघा

जुनी चांदीची नाणी घेऊन-विकून चार पैसे मिळवायचे असतील, तर आज एकच गोष्ट पक्की करून घ्या. सहाव्या जॉर्ज राजाचा रुपया हातात आला की आधी साल वाचायचं, भाव नंतर बोलायचा.

का? कारण महायुद्धात लोकांनी कलदार रुपये घरात दाबून ठेवायला सुरुवात केली. बाजारात नाणं मिळेना. मग 1940 मध्ये सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली आणि रुपयातली चांदी थेट निम्म्यावर आणली. 1939 पर्यंत चांदी 91.7 टक्के. 1940 ते 1945 च्या रुपयात 50 टक्के; बाकी 40 टक्के तांबं, 5 निकेल, 5 जस्त.

गंमत म्हणजे राजा तोच आणि वजनही तेच, 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. तराजू तुम्हाला काहीच सांगणार नाही!

आता हिशेब करू. सोपं जावं म्हणून चांदी ग्रॅमला 100 रुपये धरा. जुन्या रुपयात 10.69 ग्रॅम चांदी, म्हणजे 1,069 रुपये. युद्धातल्या रुपयात 5.83 ग्रॅम, म्हणजे 583. "सगळी राजाछाप एकच हो" असं म्हणत कुणी 1942-44 ची वीस नाणी जुन्या भावाने गळ्यात मारली, तर 9,720 रुपये गेले. तुमचा अख्ख्या महिन्याचा नफा असेल तो! अधेली-पावलीलाही 1940 पासून हाच नियम.

साल झिजलंय? कड बघा. युद्धातल्या बहुतेक रुपयांच्या कडेला दात्यांच्या मधून एक खोबण फिरते. आणि 1947 चा वाघाचा रुपया कुणी चांदीचा म्हणून दाखवला, तर लोहचुंबक लावा. चिकटेल. तो निकेलचा आहे.

1939 चा रुपया मात्र फार दुर्मिळ. म्हणूनच समोर आला की आधी तो खोटा आहे असं धरून चाला आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे मोजू नका.

अजून एक. चिंच, राख, टूथपेस्ट काहीही लावून नाणं घासू नका, प्लीज. सराफ मोडीत घेताना चकाकीचे पैसे देत नाही, आणि संग्राहक घासलेलं नाणं बघून भाव पाडतो.