अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी गाडी कोणती?

घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असलं की त्यांची रोजची उस्तवार आपण बायका अंगवळणी पाडून घेतो. पण त्यांना तपासणीला न्यायचं किंवा हॉस्पिटलमधून घरी आणायचं ठरलं, की घरात एकच गोंधळ उडतो. कुणी म्हणतं रिक्षा आणू, कुणी म्हणतं शेजाऱ्यांची मोटार मागू. खरं तर गाडी आपल्या सोयीने नव्हे, रुग्णाच्या अवस्थेवरून ठरवायची असते.

पहिला प्रश्न डॉक्टरांना विचारावा : रुग्णाला बसवून नेलं तर चालेल का? आधाराने नीट बसता येत असेल तर मोटार पुरते. पण मान सावरत नसेल, खुब्याचे किंवा मणक्याचे हाड मोडले असेल, तर निजवूनच न्यायला हवे.

ॲम्ब्युलन्स म्हणजे साऱ्या एकसारख्या नव्हेत. प्रकृती स्थिर असेल तर स्ट्रेचरची साधी गाडी पुरेशी. ऑक्सिजन आणि वाटेत लक्ष ठेवणारा जाणकार माणूस हवा असेल, तर 'बेसिक लाइफ सपोर्ट'. व्हेंटिलेटर किंवा हृदयाचा मॉनिटर लागणार असेल, तर 'ॲडव्हान्स्ड'. हिलाच लोक कार्डिॲक म्हणतात. मात्र यंत्राबरोबर ते चालवणारं कोण येणार, हे विचारायला संकोचू नका.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची मोफत सेवा आहे. श्वास लागला, शुद्ध हरपली, तोंड वाकडं झालं, तर क्षणाचाही विचार न करता १०८ फिरवावा. ठरवून करायच्या तपासणीसाठी मात्र ही सेवा नाही. त्यासाठी खाजगी किंवा एखाद्या संस्थेची गाडी आदल्या दिवशीच सांगून ठेवावी.

ती सांगताना मजला, जिन्याची रुंदी आणि रुग्णाचे वजन आवर्जून कळवावे. जुन्या वाड्याच्या अरुंद जिन्यात स्ट्रेचर वळत नाही, लिफ्टमध्येही ते मावेलच असं नाही. बसू शकणाऱ्याला घडीच्या खुर्चीतून उतरवता येते. स्ट्रेचर उतरवताना पाय पुढे आणि डोके वरच्या बाजूला हवे. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते अशुभ वाटेल. त्यांना कारण आधीच समजावून सांगावे. उचलायला माणसं किती येणार, तेही विचारावे.

ऑक्सिजनचा हिशेब सोपा आहे. 'बी' आकाराच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर मावतो. मिनिटाला ५ लिटर लागत असेल तर तो ५ तास पुरेल, १० लिटर लागला तर अडीचच तास. गाडी वाटेत अडकते, तेव्हा हाताशी जास्तीचा साठा हवाच.

निघण्यापूर्वी लघवीची पिशवी रिकामी करावी आणि वाटेत ती कमरेच्या खालीच ठेवावी. नळीने अन्न देत असाल तर शेवटचं कधी द्यायचं, ते डॉक्टरांना विचारावे. कागदपत्रं, औषधं, जास्तीची चादर एका पिशवीत भरावी. भाडं, थांबण्याचे आणि परतीचे पैसे आधीच ठरवून घ्यावेत.

आणि एक. कुठे, कशासाठी, कोण उचलणार, हे रुग्णाला स्वतःला सांगायचं विसरू नका. बोलता येत नसलं तरी ऐकू येत असतं हो! चार अनोळखी हातांनी अचानक उचललं तर कुणाचाही जीव घाबराघुबरा होईल. त्या वेळी आपला हात त्यांच्या हातात असावा.