द्रवचालित रंगफवारणी यंत्रातील बिघाड व दुरुस्ती

पेट्रोल इंजिनवर चालणारे द्रवचालित रंगफवारणी यंत्र हा ‘एअरलेस’ रंगफवारणी यंत्रांचा एक प्रकार आहे. यात तेलाच्या दाबावर रंगाचा पंप चालतो व रंग हवेच्या साहाय्याविना फवारला जातो. विजेची जोडणी नसलेल्या जागी, तसेच नागपूरजवळील बुटीबोरी व हिंगणा येथील औद्योगिक वसाहतींतील शेडसारख्या विस्तीर्ण पृष्ठभागांसाठी असे यंत्र सोयीचे असते. रंगाचा दाब दर चौरस इंचास सुमारे ३,००० पौंडांपर्यंत, काही यंत्रांत त्याहून अधिक असतो. त्यामुळे दुरुस्तीपूर्वी दाब उतरवणे अनिवार्य ठरते.

रचना

यंत्राचे इंजिन, तेलाचा भाग व रंगपंप असे तीन भाग असतात. इंजिन तेलपंप फिरवते. दाबाखालील तेलामुळे द्रवचालित मोटरचा दट्ट्या वर-खाली होतो आणि त्यास जोडलेला रंगपंपाचा दांडा हलतो. तेल टाकीत परत येते. रंगाशी त्याचा संपर्क येत नाही. रंगपंपात तळाशी एक व दट्ट्यावर एक असे गोळीचे दोन व्हॉल्व्ह असतात.

दाब उतरवणे

इंजिन बंद करून दाबाची कळ किमान पातळीवर आणतात, परतीचा व्हॉल्व्ह उघडतात, बंदुकीचा चाप बादलीत दाबून उरलेला रंग सोडतात व चापास खटका लावतात. नळी किंवा टिप तुंबलेली असल्यास आत दाब अडकून राहू शकतो. अशा वेळी जोड अतिशय सावकाश सैल करतात.

दोषनिदान

बिघाड तिन्हींपैकी कोणत्या भागात आहे, हे प्रथम ठरवतात.

इंजिन सुरू होत नसल्यास पेट्रोल, इंजिन ऑइलची पातळी, स्पार्क प्लग व हवेची गाळणी तपासतात.

इंजिन चालते, पण पंप हलत नाही, अशा वेळी दाबाची कळ, तेलाची पातळी व पट्टा पाहतात. तरीही दोष न सापडल्यास दाब उतरवून मोटर व रंगपंप यांमधील जोड सोडवतात. मोटर एकटी चालली, तर रंगपंप वाळलेल्या रंगाने जखडलेला असतो. न चालल्यास दोष तेलाच्या भागात असतो.

पंप हलतो, पण दाब टिकत नाही, अशा वेळी चाप सोडून निरीक्षण करतात. चाप सुटताच दांडा थांबायला हवा. तो खाली जाताना थांबत नसेल, तर तळाच्या व्हॉल्व्हमध्ये कचरा किंवा झीज असते. वर येताना थांबत नसेल, तर दट्ट्यावरील व्हॉल्व्ह किंवा पॅकिंग सदोष असते. दोन्ही दिशांना दांडा भरभर पळत असल्यास रंग संपलेला, शोषनळीची गाळणी तुंबलेली किंवा तिच्या जोडातून हवा शिरत असल्याचा संभव असतो.

फवाऱ्याच्या कडांना रेघा उमटणे हे दाब कमी, रंग घट्ट किंवा गाळणी तुंबल्याचे लक्षण आहे. फवारा अरुंद व गोलसर झाल्यास टिप झिजलेली असते. ती बदलावी लागते.

उन्हाळ्यातील काळजी

नागपुरात मे महिन्यात तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जाते. तापलेले तेल पातळ होऊन दाब घटतो. म्हणून तेलाची पातळी नियमित पाहणे, यंत्र सावलीत पण मोकळ्या हवेत ठेवणे आणि इंजिन थंड झाल्यावरच पेट्रोल भरणे आवश्यक असते. काम संपताच पंप धुतला नाही, तर रंग आतच वाळतो.

धोके

टिपेवर बोट ठेवून फवारा तपासल्यास रंग त्वचेखाली घुसू शकतो. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते व आरंभी फारशी दुखतही नाही. मात्र आत पसरलेल्या रंगाने ऊती मरू लागतात आणि विलंब झाल्यास बोट वा हात कापावा लागू शकतो. ही साधी जखम नसून शस्त्रक्रियेची तातडीची गरज असते. रुग्णास तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात नेऊन उच्च दाबाने आत गेलेल्या रंगाचे व द्रावकाचे नाव डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असल्याने बंद खोलीत यंत्र चालवत नाहीत.