अंगणापासून उंबऱ्यापर्यंत: चिमुकल्यांच्या बोलीचा मागोवा

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक 1923 साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या सोबतीला गेल्या. मूल वेळ आली की आपोआप बोलेल, त्यात शिकवायचे काय, असाच तेव्हा घराघरातला समज होता. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. 'शिक्षणपत्रिका' या मासिकातून शिक्षकांच्या जोडीने पालकांशीही बोलणे सुरू झाले. पण वाचू शकणाऱ्या पालकांपुरतेच.

खरी कसोटी लागली 1945 नंतर, बोर्डी गावात. बालवाडी उघडली, तरी वस्तीतली मुले तिकडे फिरकेनात. मग ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी वस्तीतल्या अंगणातच बालवाडी भरवली. तिथे मुलांची गाणी आईच्या, आजीच्या कानावर आपसूक पडत. 1957 मध्ये हे काम कोसबादला, वारली आदिवासी मुलांमध्ये गेले. धाकट्याला सांभाळायचे म्हणून थोरली बहीण घरीच अडकलेली असे. कोसबादच्या 'विकासवाडी'त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून त्यावर तोड काढली गेली. थोरलीला शाळा मिळाली आणि धाकट्याला बोलत्या माणसांची संगत.

2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली आणि पुढे अंगणवाडी गावोगाव पोहोचली. आहार, लसीकरण, वजन यांची घडी बसली; ते गरजेचेच होते. मात्र पूर्वप्राथमिक शिक्षण ठरले तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. त्याहून लहानांच्या वाट्याला आला घरपोच आहार आणि अंगणवाडी सेविकेची गृहभेट. बोली फुटण्याचे वय नेमके तेच, आणि त्या भेटीत बोलण्यापेक्षा नोंदीच जास्त.

2024 मध्ये केंद्राने जन्म ते तीन वर्षांच्या मुलांसाठी 'नवचेतना' हा आराखडा आणला. त्यात घरी करायच्या कृतींवर भर आहे. कृती म्हणजे तरी काय? आजी वालाच्या शेंगा सोलते आहे आणि दीड वर्षाचे पोर टोपलीकडे हात करून "दे" म्हणते आहे. तिथे "हे काय? सांग बरं" अशी परीक्षा घ्यायची नाही. "शेंग हवी? ही घे. आता आजीला दे," एवढे म्हणून थांबायचे आणि पोराला उत्तराला वेळ द्यायचा. आजीची बोली वारली असेल, तर वारलीतच. सेविकेने शिकवायचे ते हेच, आणि आजीकडून शिकायचे ते तिथले शब्द. हेच शब्द पोर तीन वर्षांचे होऊन अंगणवाडीत येईल तेव्हा सेविकेच्या तोंडी असले, तर ते बुजत नाही.

शंभर वर्षांत योजना बदलल्या, नावे बदलली. काम फळले ते शिक्षिका घराच्या उंबऱ्याशी येऊन बसली तेव्हाच. म्हणून सेविकेच्या डोक्यावरची रजिस्टरे कमी करा आणि तो वेळ गृहभेटीला द्या. आणि पालकहो, सेविका दारात आली की वजनाच्या आकड्याबरोबर आपले पोर या महिन्यात कोणते नवे शब्द बोलले, तेही तिला सांगा.