टीडीएस कमी म्हणजे पाणी चांगलं?

राजोडीला समुद्र अगदी हाकेच्या अंतरावर. अशा किनाऱ्याजवळच्या विहिरी-बोअरिंगचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, डाळ लवकर शिजत नाही. मग हप्त्यानं का होईना, घरात आरओचं मशीन येतं. विकणारा पेनासारखं मीटर पाण्यात बुडवून सांगतो, "बघा ताई, टीडीएस फक्त वीस!" आपल्यालाही वाटतं, आकडा जितका कमी तितकं पाणी शुद्ध.

मैत्रिणींनो, टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. त्यात मीठ आलं, तसं कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही आलं. रोगजंतू या मीटरला दिसतच नाहीत. भारतीय मानकानुसार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत. आरओ मात्र चांगलं-वाईट निवडत नाही, जवळपास सगळेच क्षार काढून टाकतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ सालच्या पुस्तकात चेक आणि स्लोव्हाक देशांतला अनुभव दिलाय. २००० ते २००२ या काळात तिथं घरोघरी आरओ आले आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांतच थकवा, अशक्तपणा, स्नायूंत गोळे येणं अशा तक्रारी सुरू झाल्या. त्यातली आणखी एक गोष्ट आपल्या स्वयंपाकघराची. क्षार नसलेल्या पाण्यात भाजी, धान्य शिजवलं तर त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम ६० टक्क्यांपर्यंत निघून जाऊ शकतं. ते पाणी ओतून दिलं, की गेलंच!

म्हणून काही लगेच मशीन काढून टाकायला नको. पाणी खरंच खारं असेल तर आरओ हवंच. पण ज्यांच्याकडे सूर्या धरणाचं नळाचं पाणी येतं त्यांनी आधी ते तपासून घ्यावं. नदी-धरणाच्या पाण्यात क्षार सहसा कमीच असतात. असं पाणी नीट उकळून गाळलं तरी पुरतं. राष्ट्रीय हरित लवादानंही २०१९ साली ५०० पेक्षा कमी टीडीएस असेल तिथं आरओवर बंदी घालायला सांगितलं होतं.

आरओ असेलच तर पिण्याच्या पाण्यात नळाचं उकळून गार केलेलं पाणी मिसळा. भाजी शिजवलेलं पाणी आमटीत घाला. कॅल्शियम मुख्यतः अन्नातूनच मिळतं, तेव्हा नाचणी, तीळ, दूध, सुकट ताटात असू द्या. गरोदर सुनेच्या आणि चाळिशी ओलांडलेल्या आपल्या ताटात तर नक्कीच!